काउंटरवरचा कॉम्प्युटर हलका करा: सोसायट्या आणि दुकानांसाठी सुरक्षिततेचं काम, पायरीपायरीनं

"मशीन लई हळू चालूलालंय बघ. अजून एक अँटिव्हायरस घालून जा की."

खानापूर तालुक्यातल्या एका क्रेडिट सोसायटीचे सेक्रेटरीकाका मला हे म्हणाले, तेव्हा मार्चएंड आणि ऑडिट दोन्ही उरकलं होतं. बाहेर पावसाची झड लागली होती, काउंटरला गर्दी नव्हती. मी अँटिव्हायरस घातला नाही. कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रामांची यादी उघडली आणि काकांना माझ्याबरोबर मोजायला बसवलं. ७१ नावं निघाली. त्यात अँटिव्हायरस आधीचेच दोन होते, पैकी एकाची मुदत संपलेली. लांबून मशीन चालवायची सॉफ्टवेअर तीन, कारण तीन व्हेंडरांनी आपापल्या सोयीनं आपापलं घातलेलं. भंगारात गेलेल्या प्रिंटरची चार. जावाच्या दोन जुन्या आवृत्त्या. फ्लॅश प्लेयर, ज्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० लाच संपला होता. आणि टायपिंगची तीन: एक मराठीसाठी, एक कन्नडसाठी, आणि एक कुणी कशासाठी घातलं ते कुणालाच आठवेना.

त्या काउंटरवर दिवसभरात कामं होतात पाच. खातेदाराची नोंद, पासबुक छापणं, पिग्मी मशीनमधली (एजंट दारोदारी गोळा करतात त्या रोजच्या बचतीची) दिवसाची वसुली उतरवून घेणं, ब्राउझरमधून बँकेचं काम आणि पत्रं टाइप करणं. पाच कामांसाठी ७१ सॉफ्टवेअर. संध्याकाळपर्यंत आम्ही ती १९ वर आणली. मशीन पळायला लागलं हा वरचा फायदा. खरा फायदा असा की चोराला आत शिरायच्या जागा कमी झाल्या.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या सोसायट्या, उद्यमबागेतली वर्कशॉप आणि बाजारातली दुकानं यांचे कॉम्प्युटर मी गेली १८ वर्षं सांभाळतोय. सुरक्षितता म्हणजे आणखी काहीतरी घालणं, ही समजूत मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी भेटते. पुष्कळ वेळा सुरक्षितता काढून टाकण्यात असते. पण नेहमीच नाही, आणि काय काढायचं नि काय ठेवायचं हे ओळखणं हेच खरं काम आहे. ते कसं करायचं ते इथे सविस्तर लिहितो.

आधी कारण समजून घ्या

एका सॉफ्टवेअरमध्ये १० सोयी असतील, तर त्यातल्या कुठल्याही दोन एकमेकींशी भिडण्याच्या जोड्या ४५ होतात. सोयी २० केल्या की जोड्या १९०. सोयी दुप्पट, भानगडी चौपट. त्या प्रत्येक सोयीला चालू-बंद करायचं बटण दिलं, तर २० बटणांच्या मिळून १०,४८,५७६ तऱ्हा होतात. कुठलाही प्रोग्रामर त्या सगळ्या तपासून बघत नाही, बघूच शकत नाही. न तपासलेल्या तऱ्हा मग गिऱ्हाइकाच्या मशीनवर पहिल्यांदा चालतात, आणि चोर त्याच शोधत असतो.

हे कागदावरचं गणित नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या लायब्ररीतली (लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहिलेला, आपल्या प्रोग्रामला आयता जोडायचा कोड) चूक उघडी पडली आणि जगभरच्या कंपन्यांची झोप उडाली. या लायब्ररीचं काम काय? प्रोग्राममध्ये काय घडलं त्याची नोंदवही लिहिणं. एवढंच. पण २०१३ मध्ये तिच्यात एक सोय घातली गेली: नोंदीच्या मजकुरात ठरावीक खूण दिसली, की तो मजकूर नुसता लिहायचा नाही, तिथे दिलेल्या पत्त्यावर जाऊन तिथून वस्तू आणायची. म्हणजे परक्या माणसानं लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी तसली खूण टाइप केली, की सर्व्हर त्या माणसाच्या मशीनवर जाऊन त्याचाच कोड आणून चालवायचा. धोक्याच्या मापावर या चुकीला १० पैकी १० मिळाले. ती सोय वापरणारे लोक फार थोडे होते. भोगलं मात्र सगळ्यांनी, कारण ती सगळ्यांकडे आपोआप चालू होती.

दुसरं उदाहरण मार्च २०२४ चं, आणि मला ते जास्त शिकवून जातं. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी. ती सांभाळणाऱ्या थकलेल्या माणसाला मदत करायच्या निमित्तानं कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि शेवटी तिच्यात चोरवाट घातली. निशाणा होता एसएसएच, म्हणजे सर्व्हरमध्ये लांबून शिरायचा मुख्य मार्ग. गंमत बघा, एसएसएचला एक्सझेड लागतच नाही. काही लिनक्सवाल्यांनी सेवा सुरू झाल्याचा निरोप द्यायला एसएसएचला सिस्टमडीची, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थापकाची, लायब्ररी जोडली होती, आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेड आत आली होती. एका बारक्या सोयीसाठी पाहुण्याचा पाहुणा घरात. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्यानं पाठपुरावा केला, म्हणून निभावलं.

जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच सुरक्षित यंत्रणेची तत्त्वं मांडली, त्यात पहिलंच हे होतं: रचना शक्य तितकी लहान आणि साधी ठेवा, म्हणजे ती ओळ न् ओळ तपासता येते.

पण इथे एक सावधगिरी. साधं म्हणजे सुरक्षित असं आपोआप होत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांत डॉसवरचं फॉक्सप्रोचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं चाललं. काळा पडदा, चार मेन्यू, मशीन कधी अडकलं नाही. जुने क्लार्क अजून त्याची आठवण काढतात. पण त्याच्या डीबीएफ फाइली, म्हणजे सगळा डेटा, कुणीही एक्सेलमध्ये उघडू शकत होता. खात्यातला आकडा बदलला, फाइल सेव्ह केली, की कुणी बदलला आणि कधी, याचा मागमूस नाही. ते साधं होतं आणि उघडंही होतं. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक माणसाचं वेगळं लॉगिन, एकानं भरलेलं व्हाउचर दुसऱ्यानं पास करणं, बदलाची नोंद, हे सगळं गुंतागुंत वाढवतं. तरीही ती गुंतागुंत हवीच, कारण ती कुणाला अडवते ते बोट दाखवून सांगता येतं.

पायरी १: वहीत आधी कामं लिहा, सॉफ्टवेअर नंतर

एक शंभरपानी वही घ्या. मोबाइलमध्ये नको, वहीच, म्हणजे ती कॅलेंडरशेजारी खिळ्याला राहते आणि सगळ्यांना दिसते. प्रत्येक मशीनला एक पान. वर लिहा: मशीन कुठे आहे, कोण वापरतं, त्यावर कोणती कामं होतात. मशीनवर बसणाऱ्या माणसालाच विचारा. चेअरमनला विचारलंत तर "सगळंच लागतं" असं उत्तर येईल.

पायरी २: काय काय आहे ते शोधा

विंडोजमध्ये चार जागा बघायच्या.

पहिली, सेटिंग्जमधली ॲप्सची यादी आणि कंट्रोल पॅनेलमधलं 'प्रोग्राम्स अँड फीचर्स'. दोन्ही बघा, काही नावं एकीकडे दिसतात आणि दुसरीकडे नाहीत. दुसरी, टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप'. मशीन सुरू होताना कोण कोण उठून बसतं ते तिथे कळतं. तिसरी, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स. ही जागा लोक हमखास विसरतात. "सर्व संकेतस्थळांवरचा डेटा वाचणे आणि बदलणे" ही परवानगी घेतलेलं एक्स्टेन्शन तुमच्या बँकेचं पानही वाचू शकतं. कूपन शोधणारं, फोटो उतरवणारं, पीडीएफ बदलून देणारं एक्स्टेन्शन काउंटरच्या मशीनवर कशाला हवं?

चौथी जागा जरा आतली आहे, पण तिथेच खरं चित्र दिसतं. स्टार्ट मेन्यूत 'रिसोर्स मॉनिटर' शोधून उघडा, 'नेटवर्क'वर जा, खाली 'लिसनिंग पोर्ट्स' अशी पट्टी आहे ती उघडा. तुमच्या मशीनवर कोणकोणतं सॉफ्टवेअर बाहेरून हाक यायची वाट बघत बसलंय, त्याची ही यादी. पत्त्याच्या रकान्यात 'लूपबॅक' लिहिलं असेल तर ती हाक मशीनच्या आतल्या आतच ऐकली जाते, ती सोडा. बाकीच्यांच्या शेवटच्या रकान्यात फायरवॉलची, म्हणजे बाहेरच्या हाका अडवणाऱ्या पहारेकऱ्याची, स्थिती असते. 'अलाउड, नॉट रिस्ट्रिक्टेड' दिसलं की ते नाव वहीत घ्या. टॅली असेल तर ९००० नंबर दिसेल, तो तिचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे हाक ऐकायचं दार आहे. एकाच मशीनवर टॅली चालत असेल तर फायरवॉलमधून तो बाहेरच्यांना खुला ठेवायची गरज नाही. विंडोजच्या स्वतःच्या सेवांची नावं बरीच दिसतील, त्यांना घाबरू नका. अनोळखी सॉफ्टवेअरच्या नावाकडे लक्ष द्या.

पायरी ३: प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न

हे वहीतल्या कोणत्या कामाला लागतं? आणि काम नसेल, तर हे कुणाला अडवतं?

पहिल्याला उत्तर आहे, ठेवा. पहिल्याला नाही पण दुसऱ्याला आहे, तर ती सुरक्षिततेसाठी घेतलेली गुंतागुंत, तीही ठेवा. बॅकअपचं सॉफ्टवेअर, यूपीएसचं मशीन नीट बंद करणारं सॉफ्टवेअर यात येतं. आमच्या पावसाळ्यात दुसरं लागतंच. दोन्हींना उत्तर नाही, तर ते जायचं. "असू दे, कधी लागलं तर" हे उत्तर धरू नका. लागलं तर दहा मिनिटांत परत घालता येतं.

दोन अँटिव्हायरस असतील तर या प्रश्नांत एक नक्की पडतो. अँटिव्हायरस ही मशीनमधली सगळ्यात जास्त अधिकार असलेली वस्तू. बाहेरून आलेली प्रत्येक फाइल ती उघडून वाचते, म्हणजे चोराचा माल सगळ्यात आधी तिच्याच हातात पडतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक बिघडलेली फाइल आली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळे पडले. तो हल्ला नव्हता, राखणदाराचीच चूक होती. म्हणून राखणदार एकच ठेवा. लहान सोसायटीला आणि दुकानाला विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरतो, असं माझं मत आहे. मात्र तो चालू आणि अपडेट असला पाहिजे.

पायरी ४: काढायला सुरुवात

आधी डेटाचा बॅकअप वेगळ्या ड्राइव्हवर घ्या आणि तो ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. 'रिस्टोअर पॉइंट' बनवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीला परत नेता येतं. मग एका वेळी एकच सॉफ्टवेअर काढा, मशीन रीस्टार्ट करा, पासबुक छापून बघा, पिग्मी मशीन जोडून बघा. घाईत दहा एकदम काढलीत आणि पिग्मी उतरेना झाली, तर कोणामुळे ते शोधत बसाल. संध्याकाळी एजंट वसुली घेऊन दारात उभे असताना हा प्रयोग करू नका. काढलेल्याचं नाव आणि तारीख वहीत लिहा.

पहिल्यांदा काढायची ती लांबून मशीन चालवायची सॉफ्टवेअर. व्हेंडरला बेळगावहून निपाणीला यायचं टळतं, म्हणून तो कायमचा पासवर्ड लावून ठेवतो. तो पासवर्ड त्याच्या ऑफिसातल्या पोरांना माहीत असतो, नोकरी सोडून गेलेल्यांनाही. मशीन तुमचं, किल्ली दुसऱ्याच्या खिशात, आणि ती कोणाकोणाच्या खिशातून फिरली ते कुणाला ठाऊक नाही. व्हेंडरला मदत करू द्या, पण प्रत्येक वेळी तुम्ही फोन करायचा, त्यानं सांगितलेला कोड तुम्ही टाकायचा, काम संपलं की तुम्ही बंद करायचं. विंडोजमधलं 'क्विक असिस्ट' यासाठी पुरेसं आहे. आणि समोरून "बँकेतून बोलतोय, हे ॲप घाला" असा फोन आला, तर ठेवून द्या.

आता टायपिंग. हा खास आपल्या सीमाभागाचा विषय आहे, त्यामुळे जरा थांबतो. इथल्या काउंटरला तीन लिप्यांचं काम पडतं: खातेदाराशी मराठीत, तालुका ऑफिसशी कन्नडमध्ये, ऑडिटला इंग्रजीत. त्यामुळे प्रत्येक भाषेचं वेगळं सॉफ्टवेअर, आणि ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेलं, फुकट करून घेतलेलं. टायपिंगचं सॉफ्टवेअर काम कसं करतं याचा विचार करा. तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ आधी ते पकडतं, मग तिचं अक्षर करून पुढे देतं. म्हणजे बँकेचा पासवर्ड टाइप करतानाही ते मध्ये उभं असतं. पैसे भरून घेतलेल्या प्रतीबद्दल माझी तक्रार नाही. पण कुलूप फोडून वाटलेल्या प्रतीत, फोडणाऱ्यानं आणखी काय घातलंय हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी आणि कन्नड दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत. सेटिंग्जमध्ये 'लँग्वेज'मध्ये जाऊन भाषा जोडा, कीबोर्ड जोडा, आणि विंडोजची कळ दाबून धरून स्पेसबारनं बदलत राहा. अक्षरं युनिकोडमध्ये येतात, त्यामुळे मोबाइलवर पाठवलेलं पत्रही नीट दिसतं. अडचण एकच: जुन्या फॉन्टमधली पत्रं आणि ज्यांचे हात जुन्या कीबोर्डवर बसलेत असे क्लार्क. त्यांच्यावर एका दिवसात लादू नका. मी अशा वेळी जुनं टायपिंग एका वेगळ्या मशीनवर ठेवतो, ज्यावर बँकेचं काम होत नाही, आणि काउंटर मोकळा करतो.

पायरी ५: काढता येत नाही ते कोंडा

इथे खरी ओढाताण सुरू होते. प्रिंट स्पूलर घ्या. छपाईची ही सेवा विंडोजच्या प्रत्येक मशीनवर, प्रिंटर असो वा नसो, सर्वोच्च अधिकारानं चालते. २०२१ च्या जून-जुलैमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावानं तिच्यातली चूक बाहेर आली. काउंटरवर पासबुक छापायचं तर ती बंद करता येत नाही. पण आतल्या खोलीतल्या सर्व्हरला प्रिंटरच जोडलेला नसतो! तिथे 'सर्व्हिसेस' उघडून 'प्रिंट स्पूलर' थांबवा आणि 'डिसेबल्ड' करा. सेवा एकच, एका खोलीत लागते, दुसऱ्या खोलीत नुसता धोका.

तसंच फाइल शेअरिंगचं जुनं रूप, एसएमबी १. मे २०१७ मध्ये फाइली कोंडून पैसे मागणाऱ्या वॉनाक्राय या किड्यानं १५० हून अधिक देशांत हाहाकार केला तो याच्याच वाटेनं, आणि मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच आली होती. 'विंडोज फीचर्स'च्या यादीत एसएमबी १.० वर खूण असेल तर काढा. जुना झेरॉक्स-स्कॅनर त्यावाचून फोल्डरमध्ये फाइल टाकत नसेल, तर पेनड्राइव्हवर स्कॅन करा. सोय थोडी जाईल. मला हा सौदा परवडतो.

एक्सेल आणि वर्डमधले मॅक्रो, म्हणजे फाइलीच्या आतच लिहिलेले छोटे प्रोग्राम, बंद ठेवा. एखाद्या हिशोबाच्या फाइलला लागत असतील तर तेवढ्या फोल्डरपुरतेच चालू करा. आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीन विंडोज ११ घेत नसेल तर बँकेचं काम त्यावरून आधी हलवा. जुन्या सॉफ्टवेअरसाठी ते ठेवावंच लागलं, तर इंटरनेटची वायर काढून ठेवा.

पायरी ६: राउटर आणि कॅमेरे

ही पायरी मी का इतक्या कळकळीनं लिहितोय ते सांगतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं मला फोन केला. हिशोबनीस घरात अडकलेला, जीएसटीची तारीख डोक्यावर. मी राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून दिला आणि विंडोजचं रिमोट डेस्कटॉप चालू केलं. हिशोबनीस खूश, व्यापारी खूश. लॉकडाउन उठलं, हिशोबनीस दुकानात परत आला. पोर्ट उघडाच राहिला. दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी सकाळी दुकान उघडलं, तर प्रत्येक फाइलीच्या नावाला अनोळखी शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअपचा ड्राइव्ह होता, पण तो यूएसबीला कायम लावलेला, त्यामुळे तोही गेला. बिलबुकांवरून सगळ्या नोंदी परत भरायला दोन महिने लागले. पोर्ट मी उघडला होता, बंद करायची आठवण मी ठेवायला हवी होती. तेव्हापासून तात्पुरती उघडलेली प्रत्येक गोष्ट मी वहीत बंद करायच्या तारखेसकट लिहितो, आणि ३३८९ तर तात्पुरताही उघडत नाही.

राउटरच्या पानावर जा. 'पोर्ट फॉरवर्डिंग'ची यादी रिकामी हवी. 'यूपीएनपी' बंद करा. त्यामुळे आतलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता बाहेरून वाट उघडून घेतं. 'डब्ल्यूपीएस' (पासवर्डावाचून वायफाय जोडायची सोय) बंद, 'रिमोट मॅनेजमेंट' बंद, ॲडमिनचा पासवर्ड बदला.

कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, वेगळा विचार मागतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्यानं असेच कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातल्या पासवर्डांनिशी ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं बंद पाडली. चेअरमनना घरबसल्या मोबाइलवर काउंटर बघायचा असतो, हे मी समजू शकतो. मग डीव्हीआर राउटरच्या 'गेस्ट' जाळ्यावर टाका, म्हणजे तो फुटला तरी सोसायटीचा सर्व्हर त्याला दिसत नाही. गेस्टची सोय राउटरमध्ये नसेल, तर कॅमेरा फक्त सोसायटीत बसूनच बघा.

पायरी ७: जिथे जास्तीचं ओझं घ्यायचं

चार गोष्टी मी आग्रहानं वाढवतो.

रोजच्या कामाला साधं युजर खातं, ॲडमिनिस्ट्रेटर वेगळं. काहीही घालताना पासवर्ड मागितला जातो, आणि हीच अडचण कामाची आहे.

ईमेल आणि बँकेला पासवर्डबरोबर दुसरी खातरजमा.

विंडोज आणि ब्राउझरचे आपोआप अपडेट. काउंटर बंद झाल्यावरची वेळ लावा. सॉफ्टवेअर कमी केलीत की अपडेटचा त्रासही कमी होतो, हे महिन्याभरात जाणवेल.

आणि बॅकअप: दोन ड्राइव्ह, आलटून पालटून, एक कायम तिजोरीत. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या मशीनवर तो उघडून एका खातेदाराचं पान मिळतं का बघा. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

एवढं करूनही घात झालाच, तर पैसे गेल्यावर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या तासाला महत्त्व आहे. संस्थांनी सायबर घटना ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायची, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. दोन्ही गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांसाठी आणि लिहिणाऱ्यांसाठी

व्हेंडर डेमो देतो तेव्हा सोयींची यादी जितकी लांब, तितके संचालक खूश होतात. तुम्ही उलटं विचारा: यातलं काय काय बंद करता येतं? न वापरलेला भाग बंद होतो की नुसता मेन्यूतून लपतो? डेटाबेस कुठे आहे, त्याचा पासवर्ड सगळ्या सोसायट्यांना एकच आहे का? जुलै २०२४ अखेर बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा (डेटा कोंडून पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० लहान बँकांच्या गिऱ्हाइकांचे व्यवहार अडकले, त्या बँकांची स्वतःची मशीन धड असूनही. तुमच्या व्हेंडरची गुंतागुंत ही तुमचीच गुंतागुंत असते.

आपल्या बेळगावात व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय आहे, इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, आणि पिग्मीचं ॲप बनवून देणारी हुशार पोरं माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यांना मी त्यांचीच पॅकेजची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या आयत्या कोडची, यादी उघडून दाखवायला सांगतो. स्वतः निवडलेली २०, आणि त्यांच्या मागून आलेली शेकडो. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकानं काढून घेतलं आणि जगभरचे प्रोजेक्ट बांधले जाईनात. अकरा ओळी स्वतः लिहा. पण पासवर्ड साठवणं आणि एन्क्रिप्शन स्वतः लिहू नका. तिथे जाणत्यांची, वर्षानुवर्षं तपासलेली लायब्ररीच घ्या. हा फरक करता आला पाहिजे.

पिग्मी ॲपला खरं लागतं काय? खाते नंबर, रक्कम, पावती, संध्याकाळी सोसायटीच्या सर्व्हरला एकदा डेटा. मग मागण्या येतात: एक्सेल अपलोड, फोटो, क्यूआर, व्हॉट्सॲपवर रिपोर्ट. प्रत्येक 'अपलोड' म्हणजे परक्यानं बनवलेली फाइल तुमच्या कोडनं उघडून वाचायची, आणि चुका जास्त करून तिथेच सापडतात. ग्राहकाला नाही म्हणायला जड जातं, मला माहीत आहे. तरी विचारा, "अण्णा, हे महिन्यातून किती वेळा लागेल?" एकदा असेल, तर ते काम हातानं करायचा मार्ग दाखवा.

२०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली हार्टब्लीड नावाची चूक सापडली, तेव्हा ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टम बनवणाऱ्या लोकांनी त्या कोडची स्वतःची प्रत घेतली आणि पहिल्याच आठवड्यात ९०,००० हून जास्त ओळी काढून टाकल्या. नवीन काही लिहायच्या आधी. तुमच्या ॲपच्या पुढच्या आवृत्तीत एक आठवडा असा ठेवून बघा.

खानापूरच्या त्या सोसायटीत मी परवा परत गेलो होतो. यादी २० वर होती, एक वाढलेलं. काकांनी वही पुढे केली. शेवटच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "नवीन कलर प्रिंटर आला. सीडीवर सहा सॉफ्टवेअर होती. पाच घातली नाहीत. फक्त ड्रायव्हर."